डोकं टेकायचं नाही

आमच्या घरात कुणी कुणाच्या पाया पडत नसे. दिवाळीत नाही, परीक्षेला जाताना नाही, लग्नकार्यात तर नाहीच. मोठ्या माणसासमोर हात जोडायचे आणि मान ताठ ठेवायची. हा नियम आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. घरातलं बाकी सगळं आई बघायची, पण या एका बाबतीत आप्पांपुढे तिचंही चालत नसे. भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी आमच्या लोकांना दीक्षा देणाऱ्या महापुरुषाचा. त्या दोघांसमोरही आम्ही उभं राहूनच वंदना म्हणायचो. निपाणीतल्या आमच्या वस्तीच्या विहारात रविवारी बाकीचे लोक गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावत. आप्पा पुढे उभे राहून पाली गाथा सांगायचे आणि आम्ही मायलेकी त्यांच्यामागे खांबासारख्या उभ्या. लोक म्हणायचे, ह्यांचं जरा अतीच असतंय.

असं का, ते आप्पांनी मला एकदाच सांगितलं. मी सातवीत असेन. शाळेत गुरुपौर्णिमेला सगळ्या मुली बाईंच्या पाया पडल्या, मी नुसते हात जोडले, आणि तासभर वर्गाबाहेर उभी राहिले. घरी येऊन मी आदळआपट केली. सगळ्या पडतात, माझंच काय सोनं झिजतंय, असं काहीतरी बोलले. आप्पा तंबाखूच्या वखारीतून नुकतेच आले होते. अंगाला तो उग्र वास, डोळे लाल. म्हणाले, "बस हितं."

मग त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. "आठ वर्साचा हुतो मी. माझा बा रोज सकाळी पाटलाच्या दारात जाऊन, भुईला कपाळ लावून जोहार घालायचा. योक दिस त्येला ताप भरला, गेला न्हाय. दुसऱ्या दिशी मला बोलावणं आलं. बापाचा जोहार ऱ्हायलाय, तू घाल म्हनाले. घातला. न्हाय, नीट न्हाय झाला, परत घाल. परत घातला. मानसं कट्ट्यावर बसून हासत हुती. किती येळा घातला ते मला मोजाय येत नव्हतं. कपाळाची माती पुसाय गेलो, तर म्हनाले पुसायची न्हाय, तसाच घरी जा."

एवढं सांगून ते हातपाय धुवायला उठले. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढे मला एक स्थळ आलं, तेव्हा मुलाकडच्यांनी अट घातली की सुनेनं सासू-सासऱ्यांच्या पाया पडायला हवं. आप्पांनी पोहे खाऊ घालून त्यांना परत पाठवलं. मला काही फार वाईट वाटलं नाही. मुलगा स्वतःच्या चपलांकडे बघून बोलायचा.

मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले आणि बेळगावात उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले. मच्छे गावाच्या वाटेवर एक खोली भाड्याने घेतली. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारी मी पहिली. त्यामुळे डोक्यात वारं शिरलं होतं, हे आता कबूल करते. सुट्टीला निपाणीला गेले की विहारात बायकांना भाषण द्यायची. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा मला उलट्या क्रमानेही पाठ होत्या. आप्पा खूश होते. वंदना सांगायचं काम हळूहळू त्यांनी माझ्याकडे द्यायला सुरुवात केली. बाईनं पुढं उभं राहून गाथा सांगायच्या ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती, आणि मला ते मनापासून हवं होतं.

एकदा ऑफिसातल्या कुणाकडून कळलं की नाशिककडच्या डोंगरात दहा दिवस न बोलता ध्यानाला बसायचं शिबिर असतं, ब्रह्मदेशातून आलेली पद्धत. मी आप्पांना विचारलं. त्यांनी उलट एकच विचारलं. "डोकं टेकाय लावत्यात काय?"

"न्हाई आप्पा. डोळे मिटून आपला श्वास बघायचा."

"मग जा. श्वास कुनाच्या बाचा न्हाय."

गेले. पहिले चार दिवस गुडघे दुखले आणि मी मनातल्या मनात साऱ्या जगाशी भांडले. पाचव्या की सहाव्या दिवशी दुपारी नाकाच्या शेंड्याखाली येणारा-जाणारा वारा इतका स्पष्ट झाला की मला रडू आलं. वीस-बावीस वर्षं हा माझ्या आत चालू होता आणि मी कधी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. परत आल्यावर आप्पांना सांगितलं, तर पुढच्या रविवारपासून त्यांनी वंदनेआधी सगळ्या वस्तीला पाच मिनिटं डोळे मिटून बसायला लावलं. निम्मे लोक घोरायचे. आप्पा त्यांना नावानिशी उठवायचे.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग दिवाळीनंतर स्वेटरवाले आले.

दर थंडीत मुंडगोडच्या वसाहतीतले तिबेटी लोक बेळगावात येऊन फुटपाथवर स्वेटरची दुकानं लावत. आमचे लोक त्यांना सरसकट नेपाळी म्हणायचे. एका दुकानात लोकरीच्या टोप्यांच्या वर खिळ्याला बुद्धाचा छोटा फोटो लटकत होता. मी थांबलेच. दुकानात पन्नाशीची एक बाई बसली होती, गालांवर सुरकुत्यांची जाळी, कमरेला पट्ट्यापट्ट्यांचं रंगीत कापड. मी विचारलं, तुम्ही बौद्ध? ती म्हणाली, "हाँ, हम बौद्ध. आप?" मी म्हटलं, आम्हीपण. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून अशा हसलो, जत्रेत माहेरचं माणूस भेटावं तशा. मी तिला आक्का म्हणू लागले. कानडी तिला माझ्यापेक्षा बरं येत होतं, हिंदी मोडकं.

एका रविवारी तिच्या खोलीवर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघते तर आक्का उभी राहून हात जोडते, कपाळाला, गळ्याला, छातीला लावते आणि अख्खी जमिनीवर पालथी होते. हात पुढे ताणून, कपाळ फळीला टेकवून. उठते. पुन्हा पालथी. समोर हिरव्या अंगाच्या एका देवीचं चित्र आणि पाण्याच्या सात वाट्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या भागातल्या बायका सौंदत्तीच्या देवीला असे लोटांगणाचे नवस फेडतात. आमच्या वस्तीतल्या किती पोरी त्या देवीला जोगतिणी म्हणून सोडल्या आणि वाया गेल्या ते मला माहीत होतं. मला वाटलं, इथंही तेच. कुणीतरी या भोळ्या बाईला फसवलंय. मी दारातूनच सुरू केलं. तू बौद्ध ना? मग ही देवी कसली? कुणी नवस बोलायला लावला तुला? आम्ही सगळे देव नदीत सोडले, आणि तू परदेशातून येऊन लोटांगणं घालतेस? असं म्हणून मी तिला बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या सात-आठ म्हणूनसुद्धा दाखवल्या. मराठीत.

आक्कानं मला पुरतं बोलू दिलं. मग स्टोव्हवरचा लोणी आणि मीठ घातलेला चहा एका वाटीत ओतून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "किसीने नहीं बोला. हमारा है." ते चित्र देवीचं नाही, बुद्धाच्या करुणेचं आहे, असं काहीतरी तिनं सांगितलं. मला ते तेव्हा पटलं नाही. मग तिनं आपल्या डोक्यावर बोट ठेवलं. "इधर एक राजा बैठा रहता है. बहुत बोलता है. उसको नीचे लाने का."

मी नुकतीच दहा मिनिटं बोलून बसले होते. चहाची वाटी मी तोंडाला लावली.

ती फळी मी नंतर नीट बघितली. तिचे हात जिथून घसरत पुढे जायचे तिथे लाकूड आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. एक लाख नमस्कार तिनं मुंडगोडला पूर्ण केले होते आणि दुसरे लाख चालू होते. एक लाख! डोंगर ओलांडून, घर-गाव गमावून, नवऱ्याला वाटेत बर्फात ठेवून आलेली बाई. सांगताना ती रडली नाही. तिच्या कपाळावर मधोमध एक छोटा घट्टा होता. आप्पांनी जी माती पुसायला धडपड केली होती तिचीच खूण ही बाई आपणहून मिरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर लाचारीचा लवलेश नव्हता. मला ते समजेना. पण खोलीवर परत जाताना ती गुळगुळीत फळी डोळ्यांसमोरून हलेना.

महिनाभरानं मी स्वतः सुरू केलं. का, ते विचारू नका. मला ते आवडलं, लाज वाटावी इतकं आवडलं. पहाटे उठून आधी उभ्यानं पाली वंदना, आप्पांनी शिकवलेली. मग अर्धा तास श्वास, डोंगरातून शिकून आलेला. आणि शेवटी आक्काचे एकवीस नमस्कार, जमिनीवर सतरंजी टाकून. दलित चळवळीतल्या एकाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ही खिचडी झाली. मी म्हटलं, मला खिचडी आवडते. पण आप्पांना सांगायची माझी छाती झाली नाही. ऐंशी-एक्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात मी बाहेर वाघीण होते आणि पहाटे चोर.

चोर कधीतरी सापडतोच. एका सकाळी आप्पा निपाणीहून पहिल्या गाडीनं आले, आईनं दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा घेऊन. मी दूध आणून दाराची कडी लावायला विसरले होते. शेवटच्या नमस्कारातून उठून उभी राहिले तर दारात आप्पा. किती वेळ होते कोण जाणे. त्यांनी भाकरीचं गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं.

"कुणी सांगितलं तुला ह्ये?"

"कुणी न्हाई आप्पा. माझं मीच."

ते वळले. मी मागे धावले, पण ते बस स्टॉपपर्यंत मागे बघायला तयार नव्हते. पुढच्या रविवारी विहारात मी पुढे जाऊन उभी राहिले, तर आप्पांनी मला हातानं बाजूला केलं आणि स्वतः वंदना सांगितली. सगळ्या वस्तीसमोर. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बाबा तुझा दोन दिस जेवला न्हाय. तसलं काय केलंस गं?" मी तिला सांगितलं. ती चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "दुधानं तोंड पोळलंय त्येचं. ताक बी फुकून पिनारच की."

दीड महिना आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलले. मी नमस्कार बंद केले, पण रोज सकाळी ती सतरंजी अंथरायची आणि तशीच गुंडाळून ठेवायची. सोडलं तर मला माझ्या आतलं काहीतरी सोडावं लागत होतं, आणि धरलं तर आप्पा. ज्या माणसानं आयुष्यात दुसरं काही मागितलं नाही, त्याचा तो एकच नियम मी मोडला होता.

मग आक्काचं बोलावणं आलं. त्यांच्या नव्या वर्षानंतर मुंडगोडला मोठी प्रार्थना असते, तू ये, घरच्यांना आण. मी निपाणीला गेले आणि आप्पांना सरळ म्हटलं, "तुम्ही एकदा चला. बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

आप्पांनी टोपी घातली. "चल. बघतो तरी, कोन झोपवतंय तुला भुईवर."

निपाणी, बेळगाव, हुबळी आणि तिथून मुंडगोडची गाडी. वसाहत आली तशी त्यांची मान खिडकीकडे वळली. मका निघालेली मोकळी रानं, बांधबंदिस्ती केलेली, घराघरावर रंगीत पताका. "बेघर हून आलेली मानसं, आनि रान बघ कसं ठेवलंय," ते स्वतःशीच म्हणाले. आक्कानं खारट चहा दिला. आप्पांनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्याच्या धर्मानं वाटी संपवली. तिनं लगेच पुन्हा भरली.

मग आम्ही प्रार्थनेच्या मंदिराकडे गेलो. मी आयुष्यात पुष्कळ काही बघितलं आहे, पण तसं दुसरं नाही. आत लाल वस्त्रांतले शेकडो भिक्खू रांगेनं बसलेले, भिंतीपासून भिंतीपर्यंत. दिव्यांच्या ओळी, लोण्याचा आणि उदाचा वास. आणि तो आवाज! एकेकाच्या छातीच्या तळातून निघणारा, इतका खोल की तो कानाला नव्हे तर पायाखालच्या फरशीला ऐकू येत होता. मधेच हातभर नव्हे, पुरुषभर लांबीची शिंगं वाजली आणि दिव्यांच्या ज्योती हलल्या. मला आमच्या विहाराच्या पत्र्याच्या छपराखाली वंदना म्हणणारी चाळीस-पन्नास माणसं आठवली. आम्ही आपल्याला एकटे समजत होतो. आमच्याएवढे आम्हीच, असं वाटायचं. आणि इकडे, कारवारच्या जंगलाच्या कडेला, हे एवढं.

मी आत जाऊन वळून बघितलं, तर आप्पा दारातच थांबले होते. सवयीनं. आयुष्यभर ज्या ज्या देवळापुढून गेले, तिथं ते असेच उंबऱ्याबाहेर थांबले असणार. दाराजवळच्या एका म्हाताऱ्या भिक्खूनं पठण न थांबवता मांडी आवरली, शेजारच्या चटईवर हात थोपटला. आप्पांनी मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला बोलावतोय का म्हणून. त्यानं पुन्हा थोपटलं. आप्पा आत आले आणि बसले. मी आणि आक्का त्यांच्यामागे जाऊन बसलो. कुणी त्यांना गाव विचारलं नाही की आडनाव विचारलं नाही.

थोड्या वेळानं पठण थांबलं. सगळे उठून उभे राहिले. मठाचे प्रमुख आले होते, ऐंशीच्या पुढचे, दोघांनी दोन्ही दंडांना धरलेले. समोर त्यांच्यासाठी उंच आसन मांडलेलं होतं, माणसाच्या छातीएवढं. मला आप्पांच्या मनातलं ऐकू येत होतं. आला पाटील, आता सगळी खाली पडतील.

त्या म्हाताऱ्यानं आसनापाशी येऊन दोघांचे हात सोडवले. थरथरत हात जोडले, कपाळाला, गळ्याला, छातीला लावले, आणि तो मोठा माणूस त्या फरशीवर पालथा झाला. अख्खा. उठायला त्याला फार वेळ लागला. कुणी मदतीला गेलं नाही, तसा रिवाज नसावा. पुन्हा पालथा झाला. पुन्हा. तिसऱ्यांदा उठताना त्याचा श्वास आमच्यापर्यंत ऐकू आला. सगळा मठ उभा होता आणि सगळ्यांत वर बसणारा माणूस सगळ्यांत खाली होता.

आप्पांनी माझा दंड पकडला. "ह्यो कुनाला?"

मी आक्काला विचारलं. ती कुजबुजली, "बुद्ध को. धर्म को. संघ को."

"संघ म्हंजे कोन?" आप्पांनी तिलाच विचारलं.

आक्कानं हात फिरवला, भिक्खूंवरून, मागे उभ्या असलेल्या बायाबापड्यांवरून, दारातल्या गर्दीवरून. "ये सब."

आप्पांची नजर तिच्या हातामागोमाग फिरली. मग अगदी हळू म्हणाले, "म्हंजे आमाला बी?"

आक्काला मराठी कळली नसावी, पण तिनं होकारार्थी मान हलवली. आप्पांचे डोळे भरले होते. त्यांनी ते पुसले नाहीत. वखारीत पोती उचलताना कमरेत उसण भरली तरी मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मीपण रडले.

प्रार्थना संपली. भिक्खू रांगेनं बाहेर गेले. मंदिर रिकामं झालं तसे गावचे लोक समोरच्या मोठ्या बुद्धमूर्तीपुढे नमस्कार घालू लागले. आक्कानं सुरू केलं. मी आप्पांच्या शेजारी हात जोडून, ताठ उभी राहिले. वाटेतच मी ठरवून टाकलं होतं. दीड महिना त्यांचा अबोला सोसला होता, आता नको. मला त्यांच्याशिवाय काही मिळवायचं नव्हतं.

"कर की," आप्पा म्हणाले.

"नको आप्पा. तुम्हाला..."

"माझं सोड. माझं कपाळ लोकांनीच टेकवून टेकवून वापरून टाकलं. मला आता ह्ये जमायचं न्हाय, आनि मी करनार बी न्हाय." त्यांनी घसा खाकरला. "तुझं कपाळ अजून कुनी टेकवलेलं न्हाय. ते मी राखलंय. आता तू तुझ्या मनानं टेक."

मी पुढे झाले. हात जोडले आणि खाली गेले. फरशी गार होती. कपाळ टेकलं तसा वरून आप्पांचा आवाज आला, रविवारी विहारात असायचा तोच, जरा घोगरा. "बुद्धं सरणं गच्छामि." मी उठले, पुन्हा खाली गेले. "धम्मं सरणं गच्छामि." दिवे आवरणारे दोन म्हातारे भिक्खू हातातलं काम थांबवून आप्पांकडे बघत राहिले, मग त्यांनीही हात जोडले. मी तिसऱ्यांदा खाली गेले. "संघं सरणं गच्छामि." तिन्ही वेळा आप्पा माझ्याशेजारी उभे होते, मान ताठ ठेवून.